थोरल्याकडून धाकट्याकडे

मागच्या फेब्रुवारीत एका रात्री पुण्याहून लेकीचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. म्हणाली, "पप्पा, मोठ्याला कांजिण्या आल्यात. आज अंघोळ घालताना पाठीवर, पोटावर दवाच्या थेंबासारखे फोड दिसले. धाकटी तर त्याच्याच कुशीत झोपते. आता तिला कुठं ठेवू? आणि मीच काल दोघांना एका ताटात जेवायला घातलं हो!"

शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला माझी अम्मी आठवली. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी असंच एक वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं होतं. तिनं ते पुढं आयुष्यभर स्वतःला ऐकवलं. आज कांजिण्यांबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत, त्या त्या वाक्यामुळं. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण त्या रात्रीनंतर मी आमच्या डॉक्टरांना भंडावून सोडलं, मिळेल ते वाचलं, आणि लहानपणी न सुटलेलं एक गणित मला या वयात सुटलं.

साल १९७६. आमचं गाव यंत्रमागाचं. दोन खोल्यांचं घर. अब्बा मागावर कामाला. आपा दहा वर्षांची, मी सात, धाकटा भाऊ चार. फेब्रुवारीत आपाला शाळेतून ताप घेऊनच घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी छातीवर लाल ठिपके, संध्याकाळपर्यंत त्यांचे फोड.

आमच्या दादीचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. तिची दोन भावंडं देवीनं नेली होती. आपाचे फोड पाहिले आणि दादीचे हातपाय गळाले. तिनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. घरात फोडणी बंद, मटण बंद, बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत मज्जाव. शेजारच्या काकू दुधाचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवून तिथूनच विचारपूस करायच्या. त्यांच्या घरी अशा दुखण्यात शितळादेवीचं नाव घ्यायचे, आमच्याकडं दुवा मागायचे. पण कडुलिंबाचा डहाळा दोन्हीकडं सारखाच.

तिसऱ्या दिवशी सायकलवरून आरोग्यसेवक आले. देशातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला होता. तरी एखादा लपून राहिला तर काय, म्हणून गावोगाव शोध चालू होता. देवीचा रोगी कळवणाऱ्याला एक हजार रुपये बक्षीस होतं. हजार रुपये म्हणजे त्या काळी केवढी रक्कम! आरोग्यसेवकांच्या पिशवीत देवी आलेल्या मुलाचं चित्र असलेलं एक कार्ड होतं. त्यांनी ते आपाशेजारी धरलं आणि दादीला समजावलं. मला ते अजून जसंच्या तसं आठवतं, कारण मी खाटेखाली बसून ऐकत होतो.

"आजी, देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर जास्त. तळहातावर, तळपायावरसुद्धा. आणि सगळे एकाच वयाचे. हिचे बघा, पाठ-पोट भरलंय, तळहात कोरे आहेत. एक ठिपका आत्ता उठतोय, शेजारच्यात पाणी भरलंय, तिसऱ्यावर खपली धरलीय. या कांजिण्या. घाबरू नका."

दोन रोगांतला फरक इतक्या सोप्या शब्दांत त्यानंतर मला कुणी सांगितला नाही. दोन्हींचे विषाणू वेगळे, कुळं वेगळी. म्हणूनच माझ्या दंडावर देवीच्या लशीचे वण असूनही त्या लशीनं कांजिण्या अडल्या नाहीत.

दादीचा जीव भांड्यात पडला. मग अम्मीनं त्या काळच्या पुष्कळ आया करायच्या तेच केलं. "होनेका है तो सबकू एकबारगीच हो जाने दो," असं म्हणत तिनं आम्हा तिघांना एका वाकळेत झोपवलं. तिघांचं एकदमच उरकलं, म्हणजे परत परत जागरणं नकोत, हा साधा हिशेब.

आठ दिवस गेले, काही झालं नाही. दहा दिवस गेले. आपाच्या खपल्या गळाल्या, ती अंगणात सागरगोटे खेळायला लागली. दादी म्हणाली, पोरं सुटली. आणि पंधराव्या दिवशी मी आणि धाकटा भाऊ एकदमच तापलो. आपाला जेवढ्या आल्या होत्या त्याच्या दुप्पट आम्हाला. भावाच्या तर तोंडात, टाळूवर, पापणीच्या कडेला. आम्ही बरे होतोय न होतोय तोच आणखी दोन आठवड्यांनी अब्बांची पाळी आली. अम्मी आणि दादीला लहानपणीच येऊन गेल्या होत्या, त्या सुटल्या. अब्बांना आल्या नव्हत्या. बत्तीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, पण फोड आल्यावर चौथ्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना. कांजिण्या फुप्फुसात उतरल्या होत्या. बैलगाडी, मग एसटी, मग जिल्ह्याच्या गावचं सरकारी इस्पितळ. ते परत आले, अल्लाचे उपकार. पण महिना-दीड महिना मागाची मजुरी बुडाली आणि अम्मीच्या हातातल्या दोन बांगड्या गेल्या. बांगड्यांचं दुःख तिनं कधी केलं नाही. ती एकच म्हणायची, "मीच पोरांना एका वाकळेत घातलं."

आता ते गणित.

कांजिण्यांचा विषाणू हवेतून येतो. आजारी मुलाच्या श्वासातून, खोकल्यातून आणि फोडांतल्या पाण्यातून. दुसऱ्याच्या नाकाघशात शिरला की तो लगेच अंगावर दिसत नाही. आधी घशाजवळच्या गाठींत वाढतो, रक्तात उतरतो, रक्ताबरोबर सगळीकडं फिरतो आणि मग कातडीवर येतो. या प्रवासाला कमीत कमी दहा दिवस, जास्तीत जास्त एकवीस आणि बहुतेकांच्या बाबतीत चौदा ते सोळा दिवस लागतात. म्हणून एका भावंडाचं संपत येतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं. आमची दादी "पोरं सुटली" म्हणाली, तेव्हा विषाणू आमच्या अंगात दिवस मोजत बसला होता.

पण खरी मेख पुढंच आहे. अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला कांजिण्या देऊ शकतं. तेव्हा त्याला फार तर कणकण असते, किंवा तेवढीही नसते. ते शाळेत जातं, खेळतं, धाकट्याच्या गालाची पापी घेतं. आणि हे देणं सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, चालू राहतं. म्हणजे अम्मीनं वाकळ अंथरली त्याच्या आधीच आम्ही दोघं बहुधा सापडलो होतो. दोन खोल्यांच्या घरात ती आम्हाला वेगळं तरी कुठं ठेवणार होती?

हे भावंडांचं गणित फार नेमकेपणानं मांडलं ते इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरनं. सायरनसेस्टर नावाच्या गावात एडगर होप-सिम्पसन दवाखाना चालवायचे. एका मुलाला आजार झाला की घरातल्या बाकीच्या, तो आजार आधी न झालेल्या मुलांपैकी किती जणांना होतो, हे त्यांनी नोंदून ठेवलं आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांच्या हिशेबात गोवराचं प्रमाण शंभरात ७६, कांजिण्यांचं ६१ आणि गालफुगीचं ३१ निघालं. पुढच्या अभ्यासकांना कांजिण्यांचा आकडा याहून बराच जास्त, नव्वदीच्या जवळपास मिळाला. म्हणजे घरात एकाला आल्या आणि दुसऱ्याला पूर्वी आलेल्या नसतील, लसही घेतलेली नसेल, तर तो सुटणं हा अपवाद.

आणि दुसऱ्याला जास्त का येतात? हेही अनेक घरांत दिसलेलं आहे. शाळेत पहिल्या मुलाचा विषाणूशी संबंध येतो तो थोडा वेळ, मोकळ्या वर्गात. घरात दुसरं भावंड रात्रंदिवस त्याच खोलीत, त्याच हवेत असतं. विषाणूचा डोसच मोठा मिळतो, म्हणून फोडही जास्त येतात, असं मानतात. तेव्हा "एकदमच उरकून जाऊ दे" म्हणून मुद्दाम एकत्र झोपवण्यात काही शहाणपण नाही. दुखणं उरकत नाही, वाढतं.

मग जुन्या रीतींचं काय? मला त्या सगळ्या टाकाऊ वाटत नाहीत. बाहेरच्यानं घरात यायचं नाही, घरच्यानं बाहेर जायचं नाही, ही रीत अगदी शास्त्राला धरून. शेजारच्या काकू उंबऱ्याबाहेर थांबायच्या, ते बरोबरच होतं. कडुलिंबाच्या डहाळ्यानं काही बिघडत नाही. फक्त त्याचा पाला वाटून फुटलेल्या फोडांवर लावू नये. खपल्या जाळायची दादीची सवय देवीच्या काळातली होती. देवीच्या खपल्यांतून रोग पसरू शकायचा. कांजिण्यांच्या कोरड्या खपल्यांतून पसरत नाही.

पण एक रीत मात्र सोडायलाच हवी, ती म्हणजे अंघोळ बंद करणं. कांजिण्यांत लहान मुलांना होणारा सगळ्यात नेहमीचा त्रास म्हणजे खाजवून फोड फुटतात, त्यात घाण जाते आणि पू होतो. म्हणून रोज कोमट पाण्यानं, न घासता अंघोळ, अंग टिपून कोरडं करणं, सैल सुती कपडे आणि नखं कापणं, हीच खरी सेवा. खाज कमी व्हायला कॅलामाइन लावतात. जेवण नेहमीचं चालतं. तोंडात फोड असतील तर पेज, दही-भात, ताक. तापाला पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन मात्र मुलांना मुळीच देऊ नये. कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन दिल्यानं क्वचित मेंदू आणि यकृतावर जिवावर बेतणारा परिणाम होतो. घरात अंगदुखीची गोळी असते ती "अर्धी मोडून" द्यायची सवय आपल्याकडं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आयबुप्रोफेनही आपल्या मनानं देऊ नये.

ताप चार दिवसांवर गेला किंवा उतरून पुन्हा चढला, एखाद्या फोडाभोवती लाल, गरम सूज आली, धाप लागली, मूल सारखं ओकायला लागलं, गुंगीत गेलं किंवा चालताना झोकांड्या खाऊ लागलं, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता पुण्याच्या फोनकडं येतो. लेकीच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण आमच्या डॉक्टरांकडं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फोड केव्हा दिसले?" आज. "धाकटीला कांजिण्यांची लस दिलीय?" नाही. "मग उद्या सकाळीच द्या."

मला हे नवीन होतं. रोग घरात शिरल्यावर लस घेऊन काय उपयोग? पण कांजिण्यांच्या बाबतीत तो आहे. पहिल्या मुलाशी संबंध आल्यापासून तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत दुसऱ्या भावंडाला लस दिली, तर पुष्कळदा कांजिण्या टळतात, नाही टळल्या तरी सौम्य येतात. विषाणूला कातडीपर्यंत पोचायला दोन आठवडे लागतात ना? तेवढ्या अवधीत लस शरीराला शत्रूची ओळख करून देते. जो उशीर आम्हाला १९७६ मध्ये फसवून गेला, तोच उशीर आज धाकट्या भावंडाच्या उपयोगी पडतो.

या लशीची गोष्टही एका बापाची आहे. जपानचे डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी १९६४ मध्ये अमेरिकेत संशोधनासाठी राहत होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला शेजारच्या मुलाबरोबर खेळताना कांजिण्या लागल्या आणि त्या फार जोरात आल्या. बाप रात्रभर उशाशी बसून. मायदेशी परतल्यावर त्यांनी याच विषाणूची लस करायला घेतली आणि १९७४ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिच्यासाठी विषाणू घेतला होता तो ओका नावाच्या घरातल्या एका आजारी मुलाच्या फोडांतून; म्हणून त्या वाणाला आजही ओका म्हणतात. जपानमध्ये ही लस १९८६ मध्ये आणि अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाली. म्हणजे आम्ही तिघं वाकळेत तापानं फणफणत होतो, तेव्हा आमच्यासाठी ती अजून जन्मायचीच होती.

आपल्याकडं ही लस मिळते, पण सरकारी मोफत लसीकरणात तिचा समावेश नाही. खाजगीत घ्यावी लागते आणि ती खिशाला जड आहे. बालरोगतज्ज्ञ दोन डोस सांगतात : पहिला पंधरा ते अठरा महिन्यांचं असताना, दुसरा त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा. गोवराच्या लशीनं कांजिण्या अडत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. माझ्या लेकीलाही माहीत नव्हतं. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस असल्यानं गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्याला ती देत नाहीत.

आणि गरोदर बाईचं नाव निघालंच आहे, तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घरातल्या मुलांना कांजिण्या आल्या की आपण मुलांचीच काळजी करतो. पण धोका जास्त असतो तो मोठ्यांना. आपल्यासारख्या उष्ण मुलखात कांजिण्या थंड देशांपेक्षा उशिरा गाठतात. तरुणपणापर्यंत न आलेली माणसं आपल्यात बरीच असतात. माझे अब्बा त्यातलेच. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात कांजिण्या उतरण्याची भीती लहान मुलापेक्षा कितीतरी जास्त. पूर्वी न आलेल्या गरोदर बाईला आल्या तर तिच्याही जिवाला धोका आणि पहिल्या पाच महिन्यांत पोटातल्या बाळालाही. बाळंतपणाच्या आगेमागे आल्या तर नवजात बाळाला फार जड जातं. अशा बायकांनी, आणि कॅन्सरचं किंवा स्टिरॉइडचं औषध चालू असलेल्यांनी, फोडाची वाट न बघता, घरात कांजिण्या आल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं. त्यांच्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं. मोठ्यांना आणि मोठ्या मुलांना विषाणूविरोधी गोळ्याही देतात. पण त्या पुरळ उठल्यापासून पहिल्या चोवीस तासांत सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो.

आणखी एक. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू अंगातून जात नाही. तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो. म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर येतो. तीच नागीण. आमच्या दादीच्या कमरेला ती उठली तेव्हा "दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो" म्हणून घरात रडारड झाली होती. पण मज्जातंतू अंगाच्या एकाच बाजूला पसरतो, म्हणून नागीण सहसा मध्यावरच थांबते. टोकं जुळून माणूस मरतो यात तथ्य नाही. आजीच्या नागिणीतल्या पाण्यामुळं नातवाला कांजिण्या मात्र येऊ शकतात. नागीण हा जुन्या कांजिण्यांचाच पुनर्जन्म आहे, हे सिद्धांत म्हणून १९६५ मध्ये मांडणारे डॉक्टर पुन्हा तेच, सायरनसेस्टरचे होप-सिम्पसन.

पुण्यात धाकटीला दुसऱ्या दिवशी सकाळी लस मिळाली. मोठा आठ दिवस वेगळ्या खोलीत राहिला आणि सगळ्यांवर खपल्या धरल्यावर शाळेत गेला. आम्ही दिवस मोजत राहिलो. सोळाव्या दिवशी धाकटीच्या पोटावर पाच-सहा पुळ्या आल्या, दोन दिवसांत सुकल्या. तापसुद्धा आला नाही.

त्या दिवशी मी अम्मीजवळ बसलो. ती आता ऐंशीला टेकलीय. तिला ते सगळं गणित सांगितलं. फोड दिसायच्या आधीच दोन दिवस तो पसरतो, हे दोनदा सांगितलं. म्हटलं, "तू वाकळ घातलीस तेव्हा आमच्यात तो शिरलेलाच होता. आमच्याकडून अब्बांनाही गेलाच असता." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ये बात तेरे अब्बा के सामने बोलना था."

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी तिला कधी दोष दिला नव्हता. तिनंच तो घेतला होता. म्हणून आज हे सांगितलं. तुमच्या घरात एका मुलाला कांजिण्या आल्या, तर कुणाचं चुकलं हे शोधू नका. फोड केव्हा दिसले, घरात कुणाला आलेल्या नाहीत आणि कोण गरोदर आहे, एवढंच बघा. आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. हातात तीनच दिवस असतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)